दौलतजींची तिसरी हाक

"भातकुलीवाला शामराव महादूऽऽ हाऽऽऽजिर होऽऽऽ!"

कडुलिंबावरचे कावळे उठले. सगळे. त्यातले दोन तर असे उठले की पुन्हा अमरावतीत परतलेच नाहीत. बडनेऱ्याच्या स्टेशनावर घर करून राहिले, असं ऐकतो. रस्त्याने चाललेल्या गाडीचे बैल मुक्काम आला समजून खाली बसले. आमचा परकोट पेंढाऱ्यांना कधी भ्याला नाही, पण दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्याचा एखादा तरी दगड हलायचाच. आणि ज्याच्यासाठी ही एवढी उलथापालथ झाली तो शामराव महादू कचेरीच्या ओट्याखाली चार हात अंतरावर, दोन्ही कानांत बोटं घालून उभा होता.

"अजी दौलतजी, मी इथंच हावो न!" शामराव ओरडला. "कावून गाव गोळा करून राह्यले?"

ओट्यावरच्या माणसाने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "दिसून राह्यले तुमी मले. पन ही पह्यली हाक हाय. बसा. आजून दोन बाकी हायत."

"पन मी हाजिर हावो!"

"कोन हाजिर नं कोन गैरहाजर, ते तिसऱ्या हाकेले ठरते. बसा म्हनतो न."

शामराव बसला. न बसून सांगतो कोणाला.

हे दौलतजी ढोले. आमच्या मानद मॅजिस्ट्रेटांच्या बेंचाचे पुकारेवाले. बेंच म्हणजे काय, तर सरकारने गावातल्या तीन प्रतिष्ठितांना खुर्च्या दिल्या होत्या आणि सांगितलं होतं की मोठे खटले मोठ्या कोर्टात जातील, तुम्ही आपले किरकोळ निपटा. कोणाची म्हैस कोणाच्या तुरीत शिरली, कोणी कोणाच्या बांधावरची बोर तोडली, कोण कोणाला बाजारात काय म्हणालं. म्हणजे सरकारला जे किरकोळ वाटतं आणि ज्यावरून माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, ते सगळं या बेंचापुढे. मी कडुलिंबाखाली अर्ज लिहायला बसत असे. अर्जनवीस. लोकांचं रडणं मी सरकारी भाषेत उतरवायचो. त्यात थोडं माझं घालायचो. ती सवय अजून गेलेली नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

दौलतजी अंगाने तुराटी होते. वाऱ्याची जरा मोठी झुळूक आली तर छातीवरच्या पट्ट्याचा पितळी बिल्लाच त्यांना जमिनीवर धरून ठेवतो, असं आम्ही म्हणायचो. हा एवढा आवाज त्या एवढ्याशा कुडीत राहतो कुठे, हा प्रश्न सिव्हिल सर्जनलाही पडला होता. त्याने म्हणे दौलतजींच्या पाठीला नळी लावली आणि "खोकला" म्हणाला. दौलतजी खोकले. त्यानंतर सर्जन आठ दिवस एका कानाने ऐकत होता.

पण खरी गंमत ही की घरी हा माणूस कुजबुजायचा. वलगावच्या रस्त्याला त्यांचा मळा. झेंडू, शेवंती, वांगी, कोथिंबीर. तिथे गेलं की दौलतजी बोलताहेत की वांग्याच्या झाडातून वारा जातोय, हे कळायचं नाही. त्यांची बायको सखूबाई. तिचा आवाज साधारण होता, पण जीभ साधारण नव्हती. ती म्हणायची, "काय म्हनून राह्यले ते मोठ्यानं म्हना. का आवाज कचेरीत टांगून आले?"

दौलतजी कुजबुजायचे, "आवाज सरकारचा हाय, सखू. घरी वापरला तं अफरातफर होईन."

आणि ते चेष्टेने म्हणत नसत. आवाजाची राखण ते जवान बैलासारखी करत. चिंच नाही, बोरकूट नाही, विडी नाही. बेंचाच्या दिवशी सकाळपासून मौन. घरून निघताना मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या, आणि वाटेत कोणी "रामराम दौलतजी" म्हटलं तर नुसता हात कपाळाला. अकरा वाजता पहिली हाक फुटायची ती अशी ताजी, की शेंग फुटावी.

आता हाकांविषयी. इतर कोर्टांत पुकारा व्हायचा तो उरकायचा म्हणून. पुकारेवाला तोंडात पान धरून काहीतरी म्हणायचा, माणूस आला तर आला. दौलतजींचा कायदा वेगळा होता. "पह्यली हाक कानाले," ते म्हणायचे, "दुसरी पायाले, अन् तिसरी जिवाले." पहिली झाली की माणसाला आपलं नाव ऐकू येतं. दुसरी झाली की तो बाजारातून, नाहीतर झाडाखालून, उठून येतो. आणि मग दौलतजी तिसरी द्यायचेच नाहीत. ओट्यावरच्या माठातून तांब्याभर पाणी घ्यायचे, पायऱ्या उतरायचे, आणि वादी-प्रतिवादीच्या मधोमध मांडी घालून बसायचे.

हे मी माझ्या या दोन डोळ्यांनी शेकडो वेळा पाहिलं. एकदा वलगावचे दोन बागाइती आले होते. विहीर एक, पाळी अर्धी-अर्धी, आणि एकाने दुसऱ्याच्या पाळीला पाट फोडलेला. दोघे येताना एकाच गाडीत आले होते, कारण गाडीही सामायिक होती, पण एकाने तोंड पूर्वेला केलं होतं आणि दुसऱ्याने पश्चिमेला. दुसरी हाक झाली. दौलतजी मधे जाऊन बसले. पाण्याचा शब्द नाही काढला. म्हणाले, "यंदा वांग्याले अळी लय हाय म्हनते बाप्पा."

पूर्वेकडचा म्हणाला, "लय म्हंजे? टोपली भरून वांगे नाई, अळ्याच निंगते."

पश्चिमेकडचा गप्प. मग राहवलं नाही. "राख टाक न बे," तो झाडाला म्हणाला.

"टाकली," पूर्वेकडच्याने आभाळाला सांगितलं.

"कोनती? गवऱ्याची टाकली असशीन. लिंबाच्या लाकडाची टाक."

"माह्याकडे लिंबाचं लाकूड कुठून येईन? लिंब तुह्या बांधावर हाय."

"मंग मी काय नाई म्हटलं हाय का?"

दौलतजी उठले. ओट्यावर गेले आणि तिसरी हाक दिली. काय हाक ती! सुरुवात ओट्यावर, मध्य वलगावात, आणि शेवट कुठे झाला ते त्या काळच्या नकाशात नव्हतं. हाक संपेपर्यंत त्या दोघांनी राख, लिंब, पाट, पाळी सगळं मिटवून टाकलं. आत बेंचाचे अध्यक्ष बापूसाहेब बसलेले असत, पेन्शनर मुन्सफ. दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेच्या मधे ते डोळे मिटायचे. लोक म्हणत म्हाताऱ्याला डुलकी लागते. मी खिडकीतून पाहिलेलं आहे; त्यांचा एक डोळा कायम उघडा असे, आणि तो डोळा झाडाखाली असे.

"आपसात?" बापूसाहेब विचारायचे.

"आपसात, हुजूर."

प्रत्येक वेळी आपसात व्हायचं असं नाही. शपथेवर सांगायचं तर एकदा दोन जावा आल्या होत्या, शेवग्याच्या एका फांदीवरून. दौलतजी मधे बसले आणि "लग्नाले किती वर्सं झाले?" एवढंच विचारलं. तिसऱ्या हाकेपर्यंत दोघींना लग्नापासूनचं सगळं आठवलं होतं. एका केसच्या चार केसी झाल्या. दौलतजी पाण्याचा तांब्या तिथेच टाकून ओट्यावर पळाले. त्या दिवशीची तिसरी हाक ही मी ऐकलेली सर्वांत आखूड हाक.

आणि एकदा तर ते स्वतःच आरोपी झाले. त्यांची बकरी शेजारच्या उकंडरावांच्या मळ्यात शिरली आणि तिने फुलकोबीची एक अख्खी ओळ, म्हणजे उकंडरावांच्या अर्जाप्रमाणे एक ओळ आणि माझ्या लेखणीप्रमाणे सव्वातीन ओळी, खाल्ली. गुरुवारी कागद पुढे आला. दौलतजींनी नाव वाचलं. पट्टा सारखा केला. ओट्याच्या टोकाला गेले.

"दौलत संपत ढोलेऽऽ, वलगाव रोडवालाऽऽ, हाऽऽऽजिर होऽऽऽ!"

मग इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोणी आलं नाही. मला म्हणाले, "हा दौलत मोठा बेफिकीर मानूस दिसते." दुसरी हाक दिली. तरी कोणी आलं नाही. मग तांब्या घेऊन खाली उतरले आणि उकंडरावांच्या शेजारी बसले. मधे बसायला जागाच नव्हती. एका बाजूला ते स्वतःच होते. उकंडराव म्हणाले, "दौलतभौ, जाऊ द्या. मुकं जनावर हाय."

"बकरी मुकी हाय," दौलतजी म्हणाले. "दौलत मुका हाय का? त्यानं खुटा ठोकाले पायजे होता."

तिसरी हाक झाली तेव्हा ते आत जाऊन उभे राहिले. "हाजिर हाय, हुजूर."

"आपसात?" बापूसाहेबांनी विचारलं.

"उकंडरावजी आपसात म्हनते, हुजूर. पन मी दौलतले वळखतो. त्याले मोकळा सोडला तं पुन्हा करीन."

बापूसाहेबांनी आठ दिवस त्या बकरीचं दूध उकंडरावांकडे लावलं. दौलतजी रोज सकाळी स्वतः दूध पोचवायला जायचे, पट्टा घालून. सरकारी हुकमाची अंमलबजावणी होती ना.

असं सगळं सुखाने चाललं होतं आणि नागपूरच्या असेंब्लीला आमची आठवण झाली.

नवा कायदा येऊ घातला. न्यायाची सगळी खालची व्यवस्थाच बदलायची. मानद बेंचं बंद. त्यांच्या जागी गावागावांत निवडून आलेल्या पंचांची न्यायमंडळं. वकील नाही, स्टँप नाही, अमरावतीच्या खेपा नाहीत. गावचा वाद गावात, चावडीपुढे. खरं सांगायचं तर कायदा चांगला होता. भातकुलीच्या माणसाने एका म्हशीसाठी दिवसभर बैल का जुंपावे? मसुदा गॅझेटात छापून आला आणि लोकांनी मत द्यावं असं जाहीर झालं. मी कडुलिंबाखाली तो मोठ्याने वाचला. पुकारेवाल्याची जागा त्यात कुठेच नव्हती. मला वाटलं, दौलतजी आता काय म्हणतात. ते ऐकत होते, झेंडूची एक पाकळी चावत.

"जागा जाईन," मीच म्हणालो.

"जाईन. हाकीचं काय लिवलं?"

मी शोधलं. शेवटच्या पानावर सापडलं. पक्षकारास एक वेळ पुकारावे. तो उपस्थित न झाल्यास त्यास गैरहजर समजून प्रकरण एकतर्फी निकालात काढावे.

"किती येळ?"

"एक वेळ."

"एकच?"

"एकच."

दौलतजी उठले. पाकळी थुंकली आणि ओट्यावर गेले. त्या दिवशी त्यांनी हाका दिल्या, पण एकही कावळा उठला नाही. कावळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गाडीचे बैल सरळ निघून गेले. बापूसाहेबांनी दोन्ही डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. बेंचाचा दिवस नव्हता, म्हणून आवाज घरचा होता. "अर्ज लिवा. मले मत द्याचं हाय." मताच्या सुनावणीसाठी नागपूरची कमिटी अकोल्याला बसणार होती. अकोला माझं गाव. मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात माझी मावशी राहायची. मी म्हणालो, "मी संग येतो." अर्ज लिहिला. उभ्या आयुष्यात तो एकच अर्ज असेल ज्यात मी माझं काही घातलं नाही.

पॅसेंजरने आम्ही निघालो. दौलतजींनी नवं धोतर नेसलं होतं, मांडीवर झेंडूच्या फुलांची टोपली, त्यावर घडी करून पट्टा. मूर्तिजापूर गेलं आणि ते बोलू लागले. गाडीच्या खडखडाटात मला त्यांच्या तोंडाला कान लावावा लागला.

"माह्या बापाची केस एका हाकीत गेली," ते म्हणाले. "मळ्यात जाच्या वाटेची होती. आज्याच्या येळची वाट. बाजूवाल्यानं काटे टाकले. बाप तारखेले आला; सकायपासून कोर्टाच्या दारात बसेल होता. त्याले जराक कमी आयकू ये. पुकारनाऱ्याच्या तोंडात पान होतं. एक डाव कायतरी म्हटलं नं आत गेला. बाप बसेलच. संध्याकाळी दार लावाले लागले तवा यानं इचारलं, माही केस कवा? ते म्हने, तुही केस सकाळीच झाली. तू गैरहाजर होता."

"मग?"

"मंग काय. वाट गेली. माही माय अकरा वर्सं भाजीची टोपली डोक्यावर घेऊन नाल्यातून फिरून ये. पावसाळ्यात कंबरेइतकं पानी." टोपलीतलं एक फूल त्यांनी सरळ केलं. "बाप मरेलोक एकच म्हने, मी दारातच होतो न बे."

इथे मी काही वाढवून सांगितलेलं नाही.

अकोल्याला कमिटी एका सरकारी बंगल्यात बसली होती, नदीच्या अलीकडे. आत तीन साहेब. अध्यक्ष नागपूरचे एक बॅरिस्टर, जाड चष्मा. बाहेर व्हरांड्यात मत देणारे: वकील, पाटील, एक मास्तर. आम्ही पायऱ्यांजवळ बसलो. दारापासून सात पावलं. मी नंतर मोजली म्हणून सांगतो.

दुपारी बाराच्या सुमाराला कमिटीचा चपराशी दारात आला. गोरागोमटा, पट्टा इस्त्रीचा. आवाज डासाचा.

"दौलत संपत."

मी उठलो. दौलतजी बसलेले.

"उठा न! तुमचं नाव झालं!"

"आयकलं. पह्यली झाली," ते म्हणाले. चेहरा प्रसन्न. पंचवीस वर्षं दुसऱ्याला हाका मारल्या, आज कोणीतरी त्यांना मारत होतं. ती हाक ते गुळासारखी चघळत होते.

"अहो, इथं तुमचा नियम नाही! उठा!"

"दौलत संपत," चपराशी पुन्हा म्हणाला, आणि कपाळाला आठी घातली.

"दुसरी," दौलतजी म्हणाले. "लहान हाय आवाज, पन मानूस नियमाचा दिसते. आता पानी पिईन नं तिसरी देईन."

चपराशी आत गेला. पाणी प्यायला गेला नव्हता. दार लागलं. आतून आवाज आला, "गैरहजर. पुढचे?" आणि दुसऱ्या दाराने तो मास्तर आत गेला.

मी डोक्यावर हात मारून घेतला. जो माणूस सांगायला आला होता, तोच हुकला. आणि हुकला तोही आपल्या वडिलांसारखा, दारात बसून. दौलतजी बंद दाराकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा गूळ उतरला. मग त्यांनी टोपलीवरून पट्टा उचलला, झटकला, गळ्यात अडकवला, बिल्ला छातीवर सरळ केला आणि मला विचारलं, "पानी हाय का?"

माझ्या फिरकीच्या तांब्यात होतं. ते शांतपणे सगळं प्यायले. अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"दौलत संपत ढोलेऽऽऽऽ हाऽऽऽऽऽजिर होऽऽऽऽऽऽ!"

आता याच्यापुढचं ज्याला पटायचं त्याला पटो. बंगल्याच्या खिडक्यांची तावदानं एकदम वाजली. आतल्या दौतीतली शाई मसुद्यावर सांडली, ती नेमकी शेवटच्या पानावर. मोर्णेत धुणं धुणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. हाक नदी ओलांडून जुन्या शहरात गेली, गल्लीबोळ फिरली, आणि तिथे माझी मावशी दळत होती तिने जातं थांबवून "आली व बाई!" अशी ओ दिली. मावशी ठार बहिरी होती, एवढंच मला इथे नमूद करायचं आहे.

दार उघडलं. तिन्ही साहेब बाहेर. मागे तो मास्तर, हातात त्याचं अर्धं वाचलेलं मत.

"हा काय प्रकार आहे?" अध्यक्ष म्हणाले. "कोण तुम्ही?"

"दौलत संपत ढोले, हुजूर. गैरहाजर होतो. हाजिर झालो."

"तुम्हाला पुकारलं होतं. एकदा नाही, दोनदा."

"आयकलं मी."

"ऐकलंत? मग आला का नाहीत?"

"तिसरीची वाट पाहून राह्यलो होतो, हुजूर. आमच्या बेंचात तिसरीले उठते."

व्हरांड्यातले वकील हसले. दौलतजींच्या कानाची पाळी लाल झाली; पण ते हलले नाहीत.

"चूक माही हाय," ते म्हणाले. "पन हुजूर, मी दारापासून सात पावलावर होतो. कान चांगले हायत. हे लिवनारे संग होते. कचेरीत पंचवीस वर्सं गेले. तरी तुमच्या कागदावर मी गैरहाजर झालो. मंग ज्याले आयकू येत नाई, ज्यानं कचेरी पाह्यली नाई, ज्याची गाडी नाल्यात फसली, तो कसा हाजिर होईन? तो बी दारातच असते, हुजूर."

कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"पण तीन-तीन वेळा पुकारत बसलं तर एकेक प्रकरण दिवसभर चालेल," ते म्हणाले. म्हणणं खोटं नव्हतं.

"तांब्याभर पानी प्याले किती येळ लागते, हुजूर? तेवढाच."

दुसऱ्या साहेबांनी कागद चाळले. "पुकारेवाले ना तुम्ही? बेंचं गेली की तुमची जागाही जाते, हे ठाऊक आहे? त्याबद्दल अर्जात एक अक्षर नाही."

"हाक कोनीबी देईन, हुजूर," दौलतजी म्हणाले. "कोतवाल देईन. पोरगं देईन. तीनदा द्यावी, बस."

मग त्यांना एकदम टोपली आठवली. त्यांनी ती अध्यक्षांच्या हातात दिली. बॅरिस्टरसाहेब झेंडूची टोपली छातीशी धरून व्हरांड्यात उभे राहिले, आणि ती कुठे ठेवायची हे त्यांना कमिटीची सुनावणी संपेपर्यंत सुचलं नाही.

कायदा झाला. एका गुरुवारी बेंच शेवटचं बसलं. दौलतजींनी शेवटच्या केसला तीन हाका दिल्या, नेहमीसारख्या. ना कमी, ना जास्त. पट्टा कचेरीच्या नाझराकडे जमा केला, बिल्ला धोतराच्या सोग्याने पुसून दिला. बापूसाहेब पायऱ्या उतरताना थांबले. "आपसात?" त्यांनी विचारलं.

"आपसात, हुजूर," दौलतजी कुजबुजले. आता दोघेही घरी चालले होते.

नव्या कायद्याचे नियम छापून आले तेव्हा मी एक प्रत घेऊन वलगाव रोडवर त्यांच्या मळ्यात गेलो. दुपार होती. झेंडू असा फुलला होता की डोळ्यांना ऊन वेगळं आणि फुलं वेगळी कळेनात. दौलतजी वाफ्यात उकिडवे बसून खुरपत होते. वलगावच्या लोकांनी त्यांना न्यायमंडळावर पंच म्हणून निवडून दिलं होतं. पहिल्याच बैठकीत उकंडरावांची म्हैस दौलतजींच्या कोथिंबिरीत शिरल्याचं प्रकरण निघालं, आणि ते पंचांच्या सतरंजीवरून उठून वादीच्या जागी जाऊन बसले, असं मी ऐकलं होतं.

"वाचतो, ऐका," मी म्हणालो. "पक्षकारास तीन वेळा पुकारावे. दुसऱ्या व तिसऱ्या पुकाऱ्यांमध्ये तांब्याभर पाणी पिण्याइतका अवकाश ठेवावा."

छापलेलं 'वाजवी अवकाश' असं होतं. पाणी माझं.

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "आजून एक डाव वाचा."

मी वाचलं. त्यांनी हात पुढे केला, मातीचा हात धोतराला पुसला, आणि वाचता येत नसूनही त्या ओळीवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, अगदी शेवटच्या टिंबापर्यंत. मग बांधाकडे पाहत राहिले. तिकडे, दोन मळ्यांच्या मधून, जुनी वाट गेलेली होती. तिच्यावर टाकलेल्या काट्यांच्या आता बाभळी झाल्या होत्या.

"साऱ्या पिरांतात?" त्यांनी विचारलं.

"साऱ्या प्रांतात. वऱ्हाडात अन् तिकडे पार छत्तीसगडापर्यंत."

ते हसले. इतका आवाज न करता हसणारा माणूस मी पाहिला नाही.

झोपडीतून सखूबाईची हाक आली. "जेवाले याऽऽ!"

मी उठलो. दौलतजी उठले नाहीत. खुरपं घेतलं आणि एक रोप सारखं केलं.

"अजी, आयकू येते का? याऽऽ!"

"दुसरी," दौलतजी मला म्हणाले, डोळे मिचकावून. "बसा. आता पानी पिऊ."

मडक्यातलं पाणी आम्ही प्यायलो. आधी ते, मग मी. मळ्यात शांत होतं. फुलांवर मधमाश्या होत्या, कुठेतरी मोट कुरकुरत होती. आम्ही थांबलो. चांगले थांबलो. तिसरी काही येईना.

शेवटी भूक मलाच लागली होती म्हणून आम्ही गेलो. सखूबाई चुलीपुढे नव्हती. तिचं जेवण झालं होतं. ती ओट्यावर बसून फुलं ओवत होती. आत दोन पितळ्या झाकून ठेवलेल्या.

दौलतजी दारात उभे राहिले. प्रांतभराचा नियम नुकताच खिशात पडलेला माणूस, जरा मोठ्याने, म्हणजे घरच्या मानाने मोठ्याने, म्हणाला, "सखू, तिसरी हाक कावून नाई देल्ली व?"

तिने सुईत दोरा ओवला, गाठ मारली, आणि मान वर न करता म्हणाली, "दोन हाकीत भाकर थंडी होते."